तालमीपुरती नायिका

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. विचारणारे कमी नव्हते. जत्रेचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणायचंच, "तात्या पातळ नेसून स्टेजवर घुसले होते, तो किस्सा सांगा ना." मी चहाचा कप तोंडाला लावायचो. किस्सा दुसराच कोणी तरी सांगायचा, लोक हसायचे आणि मी मान हलवायचो. मान हलवणं हेही खोटं बोलणंच आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. आता त्या वेळी रंगपटात असलेली बहुतेक माणसं गेली. मी गेलो की गावाकडे तो किस्साच तेवढा उरेल. म्हणून लिहितो.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारहून सायकलवर सहज जाण्याइतकं. ऊस, कारखाना, आणि दर वर्षी देवीच्या जत्रेत गावकऱ्यांनीच बसवलेलं एक नाटक. नाटकात बायकांची कामं पुरुष करत आणि नायिका असायचे तात्या. गावकीच्या नात्यानं ते माझे चुलते. विहिरीखाली थोडा ऊस, बाकी गहू-हरभरा, दावणीला दोन म्हशी. कोवळ्या वयापासून ते नायिका करत आले होते. मिसरूड फुटलं तेव्हा त्यांनी ते काढलं आणि पुन्हा कधी येऊ दिलं नाही. आमच्याकडे त्या काळी मिशी नसलेला शेतकरी दिसला की घरात कोणी तरी गेलंय असं समजत. बाहेरगावचा पाहुणा विचारायचा, "कोण वारलं?" तात्या म्हणायचे, "कुनी न्हाई. जत्रा जवळ आली." मग जत्रेला सहा महिने असले तरी.

ते गरीब गाय नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. तालमीत चहा उशिरा आला तर उठून घरी जायचे. कोणी मागून वाक्य सांगितलं तर त्याच्या सात पिढ्या काढायचे. मी शाळकरी पोर असताना राजपुत्राच्या कामासाठी गेलो होतो. माझं बोलणं ऐकून सगळ्यांदेखत ते म्हणाले, "ह्याला झाडाचं काम द्या. उभं ऱ्हायचं, बोलायचं न्हाई." त्यानंतर मॅट्रिक होईपर्यंत पोरं मला झाड म्हणत. हे मी विसरलो नव्हतो. पण पुढं जे झालं ते एवढ्याचसाठी झालं असं म्हणणं म्हणजे स्वतःला सोडवणं होईल.

नगरला कॉलेज करून मी कारखान्यात कारकून म्हणून लागलो होतो. पुण्याला जाऊन दोन-चार नवी नाटकं पाहिली होती आणि डोकं फिरलं होतं. मला लेखक-दिग्दर्शक व्हायचं होतं. तलवारी, दरबार, मधेच गाणी, हे सगळं मला गावंढळ वाटायला लागलं होतं. मी स्वतः एक नाटक लिहिलं. शहरातली खोली, एक टेबल, आणि ऑफिसात टायपिस्ट असलेली एक मुलगी, जी भावानं ठरवलेलं लग्न नाकारते. दुष्काळ पडायच्या आधलं वर्ष होतं. जत्रेच्या कमिटीत तेव्हा माझ्याच वयाची पोरं आली होती. कानांवर केस, पायात बेलबॉटम, खांद्याला ट्रान्झिस्टर.

"नाटक तुझं झ्याक हाय," त्यातला एक म्हणाला, "पर तात्या टायपिस्ट? टेबलाखाली मावतील का?"

"शेजारच्या गावानं नायिकेला नगरची बाई आणली हुती. माणसं झाडावर चढून बघत हुती."

"आन् आपल्याकडं काय, तात्या पदर सावरायचे का पोट?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. बाई आणायची हे माझ्या मनातलंच होतं, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून यायला हवं होतं.

अडचण एक होती. बाई नाटकाच्या दिवशीच येणार होत्या. त्या गावोगाव कामं करत, पुस्तक पाठवलं की पाठ करून येत. महिनाभराच्या तालमीत नायिकेची वाक्यं बोलायला कोणी तरी लागणार होतं, नाही तर बाकीच्यांना उभं कुठं राहायचं तेही कळलं नसतं. नव्या पोरांपैकी बाईचं काम करायला कोणी तयार नव्हतं. तालमीपुरतंही नाही.

मी तात्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर दाढी करत बसले होते.

"तात्या, उद्यापासून तालमीला या."

"काम कोन्तं?"

"नायिकेचं."

एवढंच बोललो. दोन्ही वाक्यं खरी होती. तात्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि घरात हाक दिली, "ऐकलं का? मला वाटलं हुतं औंदा पोरं इसरली."

काकू दारात आल्या. "वय बघा की जरा आपलं."

"वय पावडरखाली जातंय," तात्या म्हणाले, आणि मला म्हणाले, "बस. वाचून दाव."

मी पहिला अंक वाचला. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गाणं कुटं हाय हिला?"

"गाणं नाही तात्या. आता नाटकात गाणी नसतात."

"मग रडायचं कशावर?"

हे मी पोरांना जाऊन सांगितलं. पोरं आठवडाभर एकमेकांना विचारत होती, मग रडायचं कशावर?

तालमी शाळेच्या व्हरांड्यात दिवेलागणीला सुरू व्हायच्या. तात्या सगळ्यांच्या आधी येऊन बसत. बाई येणार हे कमिटीला ठाऊक, नटांना ठाऊक, पडदेवाल्याला ठाऊक. त्यांना सांगायचं काम माझं होतं. आज नको, उद्या सांगू, असं करत मी ते रोज पुढं ढकलत गेलो. पहिले काही दिवस भीड होती. नंतर भीड राहिली नाही, मजा यायला लागली.

सुरुवातीला ते वाईटच होते. जुन्या चालीवर सूर लावून बोलायचे, कपाळाला हात लावायचे, वाक्याच्या शेवटी टाळीसाठी थांबायचे. मी त्यांना पोरांदेखत झापायचो. "तात्या, ती नोकरी करते, महाराणी नाही. तात्या, तो भाऊ आहे तिचा, दुष्मन नाही." एरवी अशा बोलण्यावर पुस्तक फेकून उठणारे तात्या म्हणायचे, "बरं. पुन्यांदा घेऊ." मागं कोणी तरी तोंडात रुमाल कोंबून हसत असायचं. ते वळून बघायचे. त्यांना वाटायचं, कुणाची तरी आपसातली थट्टा चाललीय.

मग एक दिवस ते तालमीला आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की श्रीरामपूरला गेले होते. सबंध दिवस स्टेशनच्या बाकावर बसून त्यांनी शाळेच्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाया, कुठल्या कुठल्या ऑफिसातल्या मुली जाता-येता पाहिल्या होत्या.

"आरं, त्या खाली बघत न्हाईत चालताना," ते मला सांगत होते, आणि त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा चढला होता. "आपल्या बाया खाली बघून चालत्यात. मी बी इतकी वरसं तसाच चाललो. ह्या नीट म्होरं बघत्यात. आन् पिशवी अशी काखंत दाबून धरत्यात, कुनी वढून नेईल तशी. एका हवालदारानं हटकलं मला, म्हातारपनी बाया बघतोस म्हनून. म्हनलं साहेब, शिकतोय."

त्यांनी एका शिक्षकाच्या बायकोकडून पाचवारी नेसायला शिकून घेतलं. जन्मभर स्टेजवर नऊवारीत वावरलेला माणूस घरी दार लावून पाचवारीच्या निऱ्या काढत बसायचा. उन्हात जाणं बंद केलं. उसाला पाणी द्यायला काकू जात. हाताला साय चोळून तात्या तालमीला येत आणि टेबलावर टाइपरायटर आहे असं समजून बोटं चालवत.

एके संध्याकाळी ते चांगले झाले. मुलगी भावाला नाही म्हणते तो प्रवेश होता. तात्यांनी सूर लावला नाही, हात उचलला नाही. पिशवी टेबलावर ठेवली, समोर बघितलं आणि म्हणाले, "मी येणार नाही." व्हरांड्यात कोणी हसलं नाही. भावाचं काम करणारा पोरगा पुढचं वाक्य विसरला.

मी म्हणालो, "ठीक. पण अजून नाटकीच वाटतं."

खरं तर मला राग आला होता. हा माणूस संपला, याचा काळ संपला, असं मी स्वतःशी धरून चाललो होतो. माझं नवेपण त्याच्या जुनेपणावर उभं होतं. आणि हा स्टेशनच्या बाकावर बसून माझ्या बाजूला सरकत होता.

जत्रेच्या दिवशी दुपारी एसटी आली. देवळासमोर स्टेज बांधून झालं होतं. तात्या आपली ट्रंक घेऊन आधीच येऊन बसले होते, दाढी गुळगुळीत, डोळ्यांत काजळाची रेघ. बाई उतरल्या. बरोबर त्यांची मावशी होती. पोरांनी बॅगा घ्यायला धाव घेतली.

तात्यांनी विचारलं, "ही कोन?"

"पाव्हनी."

"नाच ठिवलाय का मधी?"

मग एकाला राहवलं नाही. "तात्या, ही तुमची बदली. तुमाला पेन्शन मंजूर झाली."

हशा झाला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्या वेळात मला बरंच काही बोलता आलं असतं.

"तुम्ही तालमीपुरते होता तात्या," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

त्यांनी काजळ बोटानं पुसलं, ते गालभर पसरलं. "व्हय," ते म्हणाले. "कळलं हुतं की. येवढंबी कळत न्हाई व्हय मला?"

तिथं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. तात्या ट्रंक उचलून घरी गेले असते. पण ते गेले नाहीत. स्टेजवर जागा बघताना बाई एका ठिकाणी अडल्या, "दादा, इथं मी कुठून येऊ?" असं त्यांनी विचारलं, आणि तात्यांनी उठून दाखवलं. मग मीच म्हणालो, "रात्री विंगेत बसा, पुस्तक धरा, बाई कुठं अडल्या तर सांगा." ज्या गोष्टीवरून त्यांनी लोकांच्या सात पिढ्या काढल्या, तेच काम मी त्यांना दिलं. त्यांनी घेतलं.

रात्री तोबा गर्दी होती. बाई आल्याची बातमी आसपासच्या गावांत पोचली होती. पडदा उघडायच्या आधीपासून शिट्ट्या चालू होत्या. तेव्हा मला ती कल्पना सुचली. आधी तात्यांना पाठवायचं. लोक भडकतील, ओरडतील, आणि त्याच क्षणी खरी बाई आत येईल. जुनं आणि नवं एकाच चौकटीत. असं गावात कोणी केलं नव्हतं. पोरांना सांगितलं तर ती उड्याच मारायला लागली. एकाला मी प्रेक्षकांत बसवलं, मी रुमाल हलवला की त्यानं ओरडायचं. बाईंना सांगितलं, "मी खूण केली की निघा. जरा गंमत करायचीय."

"तात्यांना माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"त्यांचीच कल्पना आहे," मी म्हणालो.

मग मी विंगेत गेलो. "तात्या, बाईंना चक्कर आलीय. पहिला प्रवेश तुम्हीच घ्या."

त्यांनी पुस्तक मिटलं. "खरं?"

"तुमच्याशिवाय कोण करणार?"

त्यांनी ट्रंक उघडली. दोन पाचवारी साड्या, टोप, पिशवी, सगळं घडी करून ठेवलेलं होतं. बाईंची साडी ज्या निळ्या रंगाची होती, तशीच निळी साडी मी त्यांना नेसायला सांगितली. त्यांच्या निऱ्या नीट बसल्या.

ते आत गेले. थोडं हसू फुटलं, थोडी कुजबुज झाली. तात्या समोर बघत चालत आले. पिशवी टेबलावर ठेवली. रिकाम्या घराशी मुलगी बोलते, ते बोलणं सुरू केलं. आणि लोक गप्प झाले. शिट्ट्या थांबल्या. बायकांच्या बाजूला पोरांना गप्प करण्याचे आवाज आले. मी विंगेत उभा राहून ते ऐकत होतो. मला हशा हवा होता आणि हशा येत नव्हता. तात्या माझं नाटक करत होते, मी मनात धरलं होतं तसं, आणि लोक ते ऐकत होते.

मी रुमाल हलवला.

"तात्या, म्हशीची धार काढून आला का?"

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हशा फुटला तो आवरेना. तात्या थांबले, हशा ओसरायची वाट बघून पुढचं वाक्य बोलले. मी बाईंना खूण केली. बाई आल्या तशा शिट्ट्यांनी मांडव हलला. तात्यांना आधी वाटलं, बाईंना बरं वाटलं असावं. त्यांनी दोन पावलं मागं सरून जागा दिली आणि पडद्याकडं बघितलं. पडदेवाला दोरी धरून माझ्याकडं बघत होता. मी मानेनं नाही म्हणालो. बाईंनी तात्यांचंच वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. निळ्या साडीतल्या दोन मुली स्टेजवर, आणि त्यातली एक कुठं जावं ते न कळून टेबलाला धरून उभी.

"नवरी आली! करवली, घरी जा!"

विंगेत मी होतो. म्हणून असेल, तात्या विंगेकडं आले नाहीत. समोरच्या पायऱ्या उतरून ते लोकांतून निघाले. कोणी पदर ओढला. टोप कोणाच्या तरी हातात राहिला आणि तो पोरापोरांत फिरत राहिला. बायकांतून काकू उठल्या आणि इकडं तिकडं न बघता त्यांच्या मागून गेल्या. नाटक फार चांगलं झालं.

सकाळी हॉटेलात सगळे विचारत होते, बाई असताना आधी तात्या कसे आले? बाईंची एसटी पहाटेच गेली होती. मी म्हणालो, "काय करणार, ऐकेनातच. नेसून आले आणि आपणहून घुसले." पोरांनी माझ्याकडं बघितलं आणि होकार दिला. हाच तो किस्सा. तो माझा आहे, मी रचलेला.

त्या उन्हाळ्यात तात्यांनी मिशी ठेवली. पहिलीच मिशी, आणि ती पांढरी निघाली.

पुढच्या वर्षी पाणीच नव्हतं, जत्रेत नारळ तेवढा फोडला. कारखान्यातून येताना मी एकदा सायकल तात्यांच्या विहिरीकडं वळवली. ते वाळलेल्या उसाचं पाचट म्हशींपुढं टाकत होते. मी म्हणालो, "तात्या, त्या रातीचं..."

"बोलू नको," ते म्हणाले. "हितं बोलू नको. हितं कोन हाय ऐकायला? म्हशी?"

मी सायकल विहिरीच्या कठड्याला टेकवली.

"माफी मागायला आलास ना? मंग जेवढ्या मानसांम्होरं नागवं केलंस तेवढ्यांम्होरं माग. एका कानाची माफी मला नको."

"मागतो," मी म्हणालो.

"बघू," ते म्हणाले, आणि पाचटाचा दुसरा भारा उचलला.

दुष्काळ सरला. तेच नाटक मी कारखान्यातल्या लोकांना घेऊन नगरला स्पर्धेत केलं, बक्षीस मिळालं. जत्रेत माझा सत्कार ठरला, दुपारी, कुस्त्यांच्या हगाम्यात, कारण तिथं सगळं गाव असतं. मला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि माईक पुढं केला. तात्या पहिल्या रांगेत मातीवर बसले होते. स्वच्छ धोतर, नवी टोपी. ते जत्रेला आल्याचं मी त्या रात्रीनंतर प्रथमच पाहत होतो. ते कशाला आलेत ते तिथं फक्त मला माहीत होतं.

मी म्हणालो, "या गावात एक कलावंत आहेत..."

मागून पोरं ओरडली, "तात्या, जा की वर! पातळ आनलंय का?" आखाड्यातले पैलवानसुद्धा हसायला लागले. तात्या हलले नाहीत. ते माझ्याकडंच बघत होते. एक वाक्य बोललो असतो तर ते हसणं गळ्यात अडकलं असतं, त्यांच्या आणि माझ्याही. बक्षीस हातात होतं. फेटा डोक्यावर होता. मी हसलो. माईकमध्ये हसलो, ते सगळ्या हगाम्यानं ऐकलं. मग कमिटीचे आभार मानले आणि खाली उतरलो. तात्यांनी चपला शोधल्या, घातल्या, आणि गर्दीतून वाट काढत गेले.

माझ्या नाटकांचं कौतुक फार टिकलं नाही. दोन-तीन जत्रांनी त्याच पोरांच्या धाकट्या भावांनी ऑर्केस्ट्रा आणला. मला म्हणाले, "तुमच्या नाटकात गाणंच नसतं ओ." मी वाद घातला, चिडलो, घरी बसलो. माझ्या घरी बसण्याचा किस्सा कोणी केला नाही, एवढी दया मला मिळाली.

तात्या वारले तेव्हा मी पुण्याला लेकीकडं होतो. कळलं, पण गेलो नाही. पुढं काकूही गेल्या. आता ज्यांच्यासमोर माफी मागायची ती माणसंच राहिली नाहीत, आणि ज्यांची मागायची तेही नाहीत. तरी त्या दुपारी माईक हातात असताना जे बोलायचं होतं, ते असं होतं:

"मंडळी, तात्या आपणहून स्टेजवर आले नव्हते. मी खोटं सांगून त्यांना पाठवलं. तुम्ही हसत नव्हता, मी तुम्हाला हसायला लावलं. त्यांचं काम चांगलं झालं होतं आणि ते मला बघवलं नाही. तात्या, माझं चुकलं. मला माफ करा."